'तू काय आहेस?' : अझीज नेसिन यांची हसरी आत्मकथा आणि मुलांची पुस्तके

आपल्या घरांतून मुलांच्या हाती जी पुस्तके पडतात, त्यांतली बहुतेक नसीहत करणारी असतात. खोटे बोलू नये, वडीलधाऱ्यांचे ऐकावे, वेळ वाया घालवू नये. या नसीहतींशी कुणाचे भांडण असण्याचे कारण नाही. इस्माईल मेरठींच्या वाचनमालेपासून डॉ. झाकिर हुसेन यांच्या 'अब्बू खां की बकरी'पर्यंत उर्दूतल्या चांगल्या बालसाहित्याने हे काम मायेने केले आहे. पण या सगळ्या पुस्तकांत चूक नेहमी मुलाचीच असते आणि शहाणपण नेहमी मोठ्यांकडेच असते. मूल मोठ्यांकडे पाहून हसते आहे, आणि लेखक त्या मुलाच्या बाजूने उभा आहे, असे पुस्तक आपल्याकडे शोधून काढावे लागते.

तुर्कस्तानच्या अझीज नेसिन यांनी असे पुस्तक लिहिले. त्याच हाताने स्वतःच्या भुकेल्या बालपणाची हसरी कहाणीही लिहिली. नेसिन यांच्या नावावर शंभरहून अधिक पुस्तके आहेत. कथा, कादंबऱ्या, नाटके, कविता, सगळेच. येथे त्यांच्या आत्मकथेचा आणि मुलांच्या पुस्तकाचा विचार करायचा आहे. ही दोन पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचली, की विनोद कशासाठी असतो याचे उत्तर मिळते, असे मला वाटते.

लेखकाचे मूळ नाव मेहमेत नुसरत. जन्म 20 डिसेंबर 1915, इस्तंबूलजवळच्या हेबेलीआदा बेटावर. वडील अब्दुल अझीज अनातोलियाच्या खेड्यातून कोवळ्या वयात शहरात आलेले. आई हनीफा तशीच दुसऱ्या खेड्यातून आलेली. ही नावे वाचताना परदेशी लेखकाविषयी वाचतो आहोत असे वाटतच नाही. तुर्की भाषेतही 'किताप' आहे, 'कालेम' आहे, 'देफ्तर' आहे, 'मेक्तेप' आहे. सज्जाद हैदर यल्दरम यांनी तुर्की कथा उर्दूत आणल्या, तेव्हापासून उर्दू वाचकाचा तुर्कस्तानशी घरोबा आहे. खिलाफत चळवळीच्या काळात तर तो घरोबा आपल्या मुंबईत रस्त्यावर आला होता. 1919 पासून पुढची काही वर्षे खलिफाच्या नावाने येथे सभा होत होत्या, वर्गणी गोळा होत होती. त्याच वर्षांत खलिफाच्या शहरात नुसरत नावाचा एक मुलगा गरिबीत वाढत होता. आपल्याला त्या शहराचे मिनार ठाऊक होते. त्या मिनारांखालच्या गल्लीत काय शिजत होते, आणि कोणत्या दिवशी काहीच शिजत नव्हते, ते नेसिन यांच्या आत्मकथेतून कळते.

आत्मकथेचे नाव 'बोयले गेल्मिश बोयले गित्मेज'. आजवर असेच चालत आले, पण पुढे असेच चालणार नाही, असा त्याचा अर्थ. पहिला भाग 'योल' म्हणजे 'रस्ता', तो 1966 साली आला. दुसरा भाग 'योकुशुन बाशी' म्हणजे 'चढाची सुरुवात', तो 1976 साली. इंग्रजीत ही आत्मकथा 'इस्तंबूल बॉय' या नावाने गेली.

तिची रीत पाहण्यासारखी आहे. आपला जन्म फार गैरसोयीच्या वेळी झाला, ऐन महायुद्धात, असे नेसिन सांगतात. जागाही गैरसोयीची, कारण ते बेट श्रीमंतांचे. मग गरीब माणूस तेथे काय करत होता? श्रीमंतांना गरिबांवाचून जगता येत नाही, म्हणून आम्हीही तेथे होतो, असा त्यांचा खुलासा आहे. नुसरत म्हणजे अल्लाची मदत. दुसरी कसलीच आशा नसलेल्या घराला हे नाव शोभून दिसले, असेही ते सांगतात. चार भावंडे तान्हेपणीच गेली. त्याविषयी ते एवढेच म्हणतात की आपण जगण्याच्या बाबतीत इतके हट्टी का आहोत, हे यावरून समजावे. आई सव्विसाव्या वर्षी गेली. हे सुंदर जग, ज्यांना जगणे जमते त्यांच्यासाठी मागे ठेवून गेली, अशा अर्थाचे एक वाक्य लिहून ते पुढे निघतात.

वाचक हसता हसता या वाक्याशी येतो आणि थबकतो. नेसिन थबकत नाहीत. माझ्या मते त्यांच्या लेखनाचे बळ येथे आहे. दुःखाजवळ ते रेंगाळत नाहीत, वाचकाकडे सहानुभूती मागत नाहीत.

मराठी वाचकाला येथे 'श्यामची आई'ची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. उर्दू माध्यमात शिकणारी आमची मुलेही मराठीच्या तासाला साने गुरुजींना भेटतात. तेथेही गरिबी आहे, लवकर गेलेली आई आहे, आणि आठवण सांगणारा मोठा झालेला मुलगा आहे. साने गुरुजींनी ते पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिले. नेसिन यांनीही लेखणीपायी वेगवेगळ्या वेळी मिळून सुमारे साडेपाच वर्षे तुरुंगात काढली. सामग्री इतकी सारखी असून परिणाम किती वेगळा! श्यामच्या आईचे वाचन संपते तेव्हा मुलांचे डोळे ओले असतात आणि आपण चांगले व्हावे असे त्यांना वाटते. नेसिन वाचून संपतात तेव्हा हे असे का होते, असा प्रश्न मुलाच्या मनात उरतो. समाजाला दोन्हींची गरज आहे. पहिल्या प्रकारचे पुस्तक आपल्याकडे आहे. दुसऱ्याची उणीव आहे.

उर्दूत हसऱ्या आत्मकथेची परंपरा मोठी आहे. मुश्ताक अहमद युसुफी यांची 1976 सालची 'जरगुजश्त' हे तिचे शिखर. बँकेतल्या नोकरीच्या आठवणी सांगताना युसुफी शब्दाशी असे खेळतात की वाचकाने वाक्य पुन्हा पुन्हा जिभेवर घोळवावे. पण तो आनंद घ्यायला उर्दू चांगली यावी लागते, मीर आणि गालिबही थोडे पाठ असावे लागतात. नेसिन यांचे गद्य साधे. त्यांचा विनोद शब्दात कमी आणि प्रसंगात जास्त असतो. म्हणून तो अनुवादातही टिकतो, आणि पाचवीच्या मुलालाही कळतो. मुल्ला नसरुद्दीनच्या गोष्टी आपल्या घराघरांत पोहोचल्या त्या याच गुणामुळे. नेसिन त्याच मुल्लाचे वारस आहेत. तेच अंगण, तोच भोळेपणाचा आव, आणि बोलणे संपल्यावर लक्षात येणारा टोला.

'नेसिन' हे आडनाव त्यांनी कसे घेतले, तो किस्सा या रीतीचा उत्तम नमुना आहे. 1934 साली तुर्कस्तानात कायदा झाला की प्रत्येकाने आडनाव घ्यावे. लोकांची झुंबड उडाली. नेसिन सांगतात, कंजूष माणसांनी 'उदार' असे आडनाव घेतले, भित्र्यांनी 'शूर' घेतले, आळशांनी 'कष्टाळू' घेतले. आपण कुठल्याही लुटीत मागेच राहतो, तसे येथेही राहिलो आणि अभिमानाने मिरवावे असे एकही आडनाव शिल्लक उरले नाही. मग 'ने सिन' म्हणजे 'तू काय आहेस?' हेच आडनाव घेतले. कुणीही हाक मारली की आपण काय आहोत याचा विचार करावा लागावा, म्हणून. पुढे वडिलांचे नाव लेखणीला लावले आणि नुसरतचे अझीज नेसिन झाले. या किश्शात सगळा देश हास्यास्पद होतो, पण शेवटचा प्रश्न लेखक स्वतःलाच विचारतो. आधी स्वतःवर हसायचे आणि मग जगावर, हा नियम त्यांनी सहसा मोडलेला नाही.

ते लष्करी शाळेत शिकले, अधिकारी झाले, आणि 1944 साली लष्करातून बाहेर पडले. 1946 साली सबाहत्तिन अली यांच्यासोबत 'मार्कोपाशा' हे विनोदी साप्ताहिक काढले. ते वारंवार बंद पडत राहिले आणि नाव बदलून निघत राहिले. नेसिन यांच्या नावाने लेख छापणे संपादकांना अवघड होऊन बसले, तेव्हा त्यांनी दोनशेहून अधिक टोपणनावांनी लिहिले. एकदा मुलगी आणि मुलगा यांच्या नावांवरून टोपणनाव बनवून त्यांनी मुलांसाठी लिहिले. खरा लेखक कोण ते कुणाला कळले नाही, म्हणून ते लेखन शाळांतून खुशाल वाचले गेले! पहिल्या अटकेत पोलीस सहा दिवस एकच विचारत होते, तुझ्या नावाने हे लेख लिहितो कोण? पुढे उलटे झाले. दुसऱ्यांचे लेख त्यांचेच असल्याचे ठरवून शिक्षा झाली. आपल्यावर झालेला अन्याय ते असा सांगतात की वाचकाला हसू येते, आणि हसल्यावर संताप येतो. रडत सांगितले असते तर कदाचित फक्त कीव आली असती.

आता त्यांच्या मुलांच्या पुस्तकाकडे वळू. 'शिमदिकी चोजुक्लार हारिका' म्हणजे 'आजकालची मुले अफलातून आहेत'. वर्ष 1967. झेनेप आणि अहमद पाचवीत शिकणारे, एका वर्गातले सोबती. झेनेपचे घर इस्तंबूलहून अंकाराला जाते आणि दोघे एकमेकांना पत्रे लिहू लागतात. शाळेत काय झाले, घरी काय झाले, एवढाच पत्रांचा विषय. कादंबरी संपेपर्यंत मोठ्या माणसांची सगळी दुनिया उघडी पडलेली असते आणि मुलांना मात्र त्याचा पत्ता नसतो. ती फक्त जे पाहिले ते लिहीत असतात.

घराघरांतला प्रत्येक बाप मुलाला सांगतो की मी शाळेत नेहमी पहिला यायचो. मुले एकमेकांशी बोलतात तेव्हा त्यांना प्रश्न पडतो, सगळ्यांचेच वडील पहिले येत होते तर दुसरा कोण येत होता? वर्गातल्या शेवटच्या मुलाची पुढे लग्ने झाली नाहीत की काय? आपल्या मोहल्ल्यातही हेच चालते. मुलाचे प्रगतिपुस्तक हाती घेऊन जो अब्बा गरजतो, त्याच्या स्वतःच्या प्रगतिपुस्तकाविषयी दादी मात्र गप्प असते.

माझ्यासारख्या शिक्षकाला जास्त टोचते ते शाळा तपासणीचे चित्र. तपासणीसाठी अधिकारी येणार म्हणून वर्ग कसा सजवला जातो, मुलांना कसे घोकवले जाते, हे मुलांच्या नजरेतून येते. बी.एड. केलेल्या कुणालाही यातले काही नवे वाटणार नाही. सराव पाठाच्या दिवशी, आदल्या दिवशीच शिकवून झालेला धडा नवा म्हणून शिकवायचा आणि पढवलेल्या मुलाने हात वर करायचा, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पाठ टाचणात 'मुले उत्स्फूर्त उत्तरे देतील' असे लिहिलेले असते. ती उत्स्फूर्तता पाठ करून घ्यावी लागते! आपण वर्गात खरे बोलण्याचा धडा देतो, आणि तपासणीच्या दिवशी त्याच मुलांना खोट्यात सामील करून घेतो. नेसिन हे ओरडून सांगत नाहीत. एक मूल दुसऱ्या मुलाला पत्र लिहिते, एवढेच.

या पुस्तकातले दोष दिसले नाहीत असे नाही. झेनेप आणि अहमद यांची पत्रे वेगळी काढून ठेवली तर कुठले कुणाचे ते ओळखणे कठीण जावे. मुलगी आणि मुलगा, दोघांच्या तोंडी एकच चलाख आवाज आहे, आणि तो बऱ्याचदा अझीज नेसिन यांचा आहे. प्रत्येक पत्राचा साचाही लवकर लक्षात येतो. मोठा माणूस ऐटीत काही सांगणार आणि त्याच्याच कृतीने तोंडघशी पडणार. दहाव्या पत्राशी वाचक शेवट आधीच ओळखू लागतो. पूर्णपणे भला असा मोठा माणूस या जगात क्वचित भेटतो. 'अब्बू खां'सारखा एखादा तरी असता तर पुस्तकाचे वजन वाढले असते. शिक्षकांत ढोंगी असतात, तसे पगाराच्या दिवशी एखाद्या मुलाच्या वह्या गुपचूप घेऊन देणारेही असतात.

आणखी एका पुस्तकाचा उल्लेख केला पाहिजे. ते मुलांसाठी नाही, पण त्याचा आरंभ शाळेच्या दारात होतो. 1977 सालची कादंबरी 'यशार ने यशार ने यशामाज'. यशार या नावाचाच अर्थ 'जगतो' असा आहे. शाळेत नाव घालायला गेल्यावर कळते की सरकारी दप्तरात हा मुलगा मेलेला आहे, आणि तोही त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी, 1915 च्या चानाक्काले युद्धात. त्यामुळे शाळा नाही. मात्र लष्करात भरती करायची वेळ येते तेव्हा दप्तर त्याला जिवंत ठरवते. बापाचे कर्ज फेडायचे असते तेव्हा जिवंत, वारसा घ्यायचा असतो तेव्हा पुन्हा मेलेला. एका स्पेलिंगसाठी, एका जन्मतारखेसाठी, दाखल्यावर एक आणि आधारकार्डावर दुसरे नाव पडले म्हणून कचेऱ्यांचे उंबरे झिजवणाऱ्या पालकांना ही कादंबरी समजावून सांगावी लागणार नाही. 'शेख' आणि 'शैख' ही दोन वेगळी माणसे नाहीत, हे सिद्ध करण्यात आमच्या शाळेतल्या कितीतरी बापांची रोजंदारी बुडाली आहे.

येथवर वाचून काही वाचक विचारतील, आणि तो प्रश्न टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नेसिन धर्म न मानणारे होते आणि तसे उघड सांगत. ज्या धर्मनिष्ठ बापाचे नाव त्यांनी लेखणीला लावले, त्याच्या श्रद्धेपासून ते दूर गेले. 1993 साली सलमान रश्दी यांच्या त्या कादंबरीतले भाग तुर्की वर्तमानपत्रात छापण्यात त्यांचा पुढाकार होता. त्यातून जगभरच्या मुसलमानांचे मन दुखावले गेले, आणि त्या बाबतीत मी त्यांच्या बाजूने नाही. ज्याचा विनोद आयुष्यभर बलवानांची खोड काढत आला, त्याने अब्जावधी साध्या माणसांच्या हळव्या जागी बोट ठेवण्याची गरज नव्हती.

पण त्यानंतर जे घडले ते कुठल्याच दीनदार माणसाला पटणार नाही. 2 जुलै 1993, शुक्रवारचा दिवस. सिवास शहरात पीर सुलतान अब्दाल यांच्या नावाच्या उत्सवासाठी जमलेल्या कवी, गायक, कलावंतांसह नेसिन मादिमाक हॉटेलात होते. नमाजनंतर जमलेल्या जमावाने हॉटेल पेटवले. आतली 35 माणसे गेली. त्यांतले बरेच अलेवी पंथाचे होते, काही तर अगदी तरुण. नेसिन शिडीवरून कसेबसे वाचले. ज्यांनी एक अक्षरही छापले नव्हते त्यांचे प्राण गेले. आग लावणाऱ्यांनी धर्माचे नाव घेतले, पण त्या आगीने धर्माची बाजू उजळली नाही.

मग अशा लेखकाचे पुस्तक आपल्या मुलांच्या हाती द्यावे का? माझे उत्तर होय असे आहे, आणि त्याचे कारण पुस्तकातच आहे. त्या पत्रांमधली टिंगल श्रद्धेची नाही. ती ढोंगाची आहे, आणि ढोंगाला आपल्या दीनमध्येही थारा नाही. लेखकाच्या सगळ्या मतांवर सही करूनच त्याचे पुस्तक उघडायचे असे ठरवले, तर गालिबचा दिवाणही कपाटातून काढावा लागेल.

लेखकाचे एक कामही पाहिले पाहिजे. 1972 साली त्यांनी नेसिन वक्फ स्थापन केला. होय, तुर्कीतही शब्द 'वाकिफ' म्हणजे आपला वक्फच. आपल्या सगळ्या पुस्तकांचे हक्क त्याला देऊन टाकले. इस्तंबूलजवळ चातालजा येथे गरीब, निराधार मुलांना ठेवून घ्यायचे आणि एखादा पेशा हाती येईपर्यंत त्यांना शिकवायचे, हे त्याचे काम. नेसिन स्वतः लहानपणी काही काळ 'दारुश्शफका' या अनाथ मुलांच्या शाळेत शिकले होते. दार-उल-शफकत, मायेचे घर. घेतलेली शफकत त्यांनी व्याजासकट परत केली, आणि हे व्याज हराम नाही. 6 जुलै 1995 रोजी ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे वक्फच्या आवारातच कुठलीही खूण न ठेवता दफन झाले. मुलांनी वरून खेळत जावे, अशी त्यांची इच्छा होती.

मराठीत अनुवाद करणाऱ्या आपल्या मंडळींना एक विनंती करावीशी वाटते. आपल्यातले कितीतरी जण उर्दू, मराठी, इंग्रजी अशा तिन्ही वाटांनी ये-जा करतात. झेनेप आणि अहमद यांची ही पत्रे मराठीत यावीत. भिवंडीच्या आणि मालेगावच्या, मिरजेच्या आणि औशाच्या मुलांनी ती वाचावीत. त्याहून बरे म्हणजे, एखाद्या शिक्षकाने आपल्या वर्गाला अशी पत्रे लिहायला सांगावीत, शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलांना. घरी काय चालते, शाळेत काय चालते, मोठी माणसे काय सांगतात आणि काय करतात. शुद्धलेखन तपासायचे, मजकूर तपासायचा नाही. त्या पत्रांत आपल्याविषयी काय लिहिलेले असेल, ते वाचण्याची तयारी मात्र गुरुजींनी आधी करून ठेवावी.